पगारातून कापले गेले, तरी निम्मी सवलत सरकारकडेच राहिली : ब्रिटनमधील पेन्शन-करसवलतीचे एक प्रकरण

फेब्रुवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या पुण्याच्या मित्राची मुलगी घराच्या कर्जाविषयी सल्ला घेण्यासाठी माझ्याकडे आली होती. ती रीडिंगला राहते, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, आणि इंग्लंडमध्ये मी वेतन विभागात अनेक वर्षे काढलेली असल्यामुळे पगाराच्या कागदांचे काही निघाले की ती मला विचारते. कर्जाचा हप्ता किती झेपेल हे पाहण्यासाठी मी तिची जानेवारीची पगाराची स्लिप हातात घेतली. मासिक पगार ५,५०० पौंड, त्याखाली करपात्र पगार म्हणूनही ५,५०० पौंडच, आणि कपातींच्या रकान्यात राष्ट्रीय विम्याच्या खाली पेन्शन ३५२ पौंड. त्या दोन सारख्या आकड्यांवर माझी नजर अडकली. पेन्शन कापूनही करपात्र पगार एका पौंडानेही कमी झालेला नव्हता.

"वरच्या दराची सवलत मागतेस ना दरवर्षी?" असे मी विचारले, तेव्हा तिचे उत्तर होते, "काका, पेन्शन तर पगारातूनच कापतात. मग टॅक्सचं कंपनीनंच बघितलं असेल ना?"

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण हा प्रश्नच आहे, कारण तो मी इंग्लंडमधल्या अनेक मराठी घरांत ऐकला आहे आणि विचारणारी माणसे अडाणी नसतात, हिशेबाला पक्की असतात. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि हिशेब सहज कळावा म्हणून रकमा गोल केल्या आहेत. नियम, दर आणि मुदती मात्र जशाच्या तशा आहेत.

तिच्या समजुतीचे मूळ पुण्यात होते. २०१५ पर्यंत ती हिंजवडीत नोकरीला होती. तिथे भविष्य निर्वाह निधीची कपात पगारातून व्हायची, कंपनी ती रक्कम कलम ८०सीच्या दीड लाखाच्या मर्यादेत स्वतःच धरायची, त्याप्रमाणे उगमकर, म्हणजे टीडीएस, कमी कापायची आणि वर्षाअखेरीस फॉर्म १६मध्ये सगळे मांडून द्यायची. कपात आणि करसवलत या तिच्या लेखी एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. ब्रिटनमध्येही बहुतेक नोकरदारांना विवरणपत्र भरावे लागत नाही आणि कर पगारातूनच वळता होतो, त्यामुळे आपल्याला काही मागायचे उरले आहे अशी शंका येण्याचे कारणच तिला कधी पडले नाही.

तिच्या कंपनीची योजना ग्रुप पर्सनल पेन्शन या प्रकारची आहे. म्हणजे नाव कंपनीच्या योजनेचे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक कर्मचाऱ्याची ती वैयक्तिक पेन्शन असते, आणि तिच्यातली सवलत 'रिलीफ अ‍ॅट सोर्स' पद्धतीने मिळते. या पद्धतीत कर आधी पूर्ण पगारावर कापला जातो, मग उरलेल्या पगारातून अंशदानाचे, म्हणजे पेन्शनसाठीच्या वर्गणीचे, ८० टक्के घेतले जातात आणि राहिलेले २० टक्के पेन्शन कंपनी सरकारच्या महसूल खात्याकडून, म्हणजे एचएमआरसीकडून, मागून घेऊन सभासदाच्या खात्यात भरते. तिचे अंशदान पगाराच्या ८ टक्के, म्हणजे महिन्याला ४४० पौंड होते. त्यातले ३५२ तिच्या पगारातून जात होते आणि ८८ पौंड पेन्शन कंपनी सरकारकडून आणत होती. ही ८८ पौंडांची ओळ तिने पेन्शनच्या संकेतस्थळावर 'करसवलत' या नावाखाली पाहिलेली होती, आणि ती पाहिल्यामुळेच तिचे समाधान झाले होते. सवलत मिळते आहे, मग आणखी काय हवे?

परंतु पेन्शन कंपनीला सभासदाचा कराचा दर ठाऊक नसतो. ती सर्वांसाठी सरसकट २० टक्केच मागते, मग सभासद काही कर भरत नसो की ४५ टक्क्यांच्या टप्प्यात असो. ज्याच्या उत्पन्नाचा वरचा भाग ४० टक्क्यांच्या दरात आहे, त्याला उरलेल्या २० टक्क्यांवर पूर्ण हक्क आहे, पण तो हक्क त्याने स्वतः सांगावा लागतो. सांगितला नाही तर कोणी विचारत नाही, आणि चार वर्षांनी तो हक्क संपतो. १०० पौंड पेन्शनमध्ये जाण्यासाठी तिला ६० पौंड खर्च यायला हवा होता. २०१९ पासून ती ८० पौंड खर्चत होती.

आपली योजना कोणत्या पद्धतीची आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे आणि ती मी तिला तिच्याच कागदांवर दाखवली. वर्षाअखेरीस मिळणाऱ्या पी-६० या दाखल्यावर २०२३-२४ सालचा पगार ६२,००० पौंड छापलेला होता. तिचा कराराप्रमाणे पगारही ६२,००० पौंडच होता. तिच्या नवऱ्याचा पी-६० शेजारी ठेवला. तो एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, आहे, तिथली पेन्शन 'नेट पे' पद्धतीने चालते, म्हणजे अंशदान कर लावण्याच्या आधीच वजा होते. त्याचा वर्षाचा पगार ४४,००० पौंडांच्या आसपास असूनही त्याच्या पी-६० वरचा आकडा पेन्शनच्या रकमेने कमी होता. अशा माणसाला त्याच्या दराची संपूर्ण सवलत तिथल्या तिथे मिळालेली असते आणि त्याने वेगळा दावा करणे चूक ठरते. पगारत्यागाची, म्हणजे सॅलरी सॅक्रिफाइसची योजना असेल तरीही तसेच, कारण तिथे अंशदान कायद्याने कंपनीचे मानले जाते. पी-६० वर पूर्ण पगार दिसत असेल आणि पेन्शन तरीही कापली जात असेल, तरच हे प्रकरण आपल्याला लागू आहे असे समजावे.

आता वर्षांचा हिशेब. ब्रिटिश करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपते, आणि सवलतीचा दावा ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत करावा लागतो. आम्ही बोलत होतो तो दिवस फेब्रुवारी २०२५ मधला. म्हणजे २०२०-२१ या वर्षाची मुदत ५ एप्रिल २०२५ला, जेमतेम सात आठवड्यांनी, संपणार होती. त्याच्या आधीचे २०१९-२० हे वर्ष एप्रिल २०२४ मध्येच हातचे गेले होते. त्या वर्षी तिचा पगार ५३,००० पौंड होता, ५ टक्क्यांप्रमाणे अंशदान २,६५० पौंड, आणि न मागितलेली सवलत ५३० पौंड. त्याविषयी करण्यासारखे काहीच नव्हते. तिने तो आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली.

२०२०-२१ मध्ये पगार ५४,००० पौंड होता आणि त्या वर्षी ४० टक्क्यांचा दर ५०,००० पौंडांच्या पुढे लागत होता. अंशदान २,७०० पौंड, सवलत ५४० पौंड. २०२१-२२ पासून ही सीमा ५०,२७० पौंडांवर गेली आणि तिथेच गोठवून ठेवलेली आहे, ज्यामुळे पगार थोडे थोडे वाढत गेले तसे अनेक मध्यमवर्गीय नोकरदार कधी ४० टक्क्यांत गेले हे त्यांनाही कळले नाही. त्या वर्षी ५६,००० पौंड पगारावर २,८०० पौंड अंशदान झाले आणि सवलत ५६० पौंड निघाली. २०२३-२४ मध्ये तिने अंशदान ८ टक्के केले होते. ६२,००० पौंडांवर ४,९६० पौंड, सवलत ९९२ पौंड.

मधले २०२२-२३ हे वर्ष मी मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे होतो. जून २०२२ मध्ये तिला मुलगी झाली. प्रसूतिरजेत पगार कमी मिळाल्याने त्या वर्षीचे एकूण वेतन ५१,६०० पौंड भरले आणि अंशदान २,५८० पौंड झाले. तिने सरळ २० टक्के काढून ५१६ पौंड लिहिले. ते बरोबर नव्हते. कायदा अंशदानाच्या २० टक्के परत द्या असे सांगत नाही. २० टक्क्यांचा टप्पा जिथे संपतो ती सीमा अंशदानाच्या ढोबळ, म्हणजे सरकारचे २० टक्के धरून होणाऱ्या पूर्ण रकमेइतकी पुढे सरकवा, असे तो सांगतो. सीमा २,५८० पौंडांनी पुढे सरकली तरी तिचे उत्पन्न मूळ सीमेच्या वर फक्त १,३३० पौंडच होते. जेवढे उत्पन्न खरोखर ४० टक्क्यांत होते तेवढेच २० टक्क्यांत आले आणि फायदा झाला २६६ पौंडांचा. बाकीच्या अंशदानावर तिने मुळात २० टक्केच कर भरला होता आणि तो पेन्शन कंपनीमार्फत परत आलेलाच होता. यात तिचे नुकसान काहीही नाही, पण सीमेच्या जरासेच वर असलेल्या माणसाने आपल्या अपेक्षा या हिशेबाने धराव्यात.

चार वर्षांची बेरीज २,३५८ पौंड झाली.

बेरीज झाली तरी ती सिद्ध करायची होती, आणि इथे तिच्या हातून दोन चुका होता होता राहिल्या. पहिल्यांदा तिने पेन्शनच्या वार्षिक पत्रकातला शेवटचा रकाना घेतला. त्यात कंपनीचे अंशदानही मिळवलेले होते. उदाहरणार्थ २०२४-२५ मध्ये तिचे ४४० आणि कंपनीचे ५ टक्के म्हणजे २७५ मिळून महिन्याला ७१५ पौंड जमा होत होते. कंपनीच्या पैशावर तिने कधी कर भरलेलाच नाही, त्यामुळे त्यावर सवलत मागता येत नाही. तसा दावा गेला असता तर वर्षाला ६६० पौंड जादा मागितल्यासारखे झाले असते आणि नंतर ते फेडावे लागले असते. हे दाखवल्यावर ती दुसऱ्या टोकाला गेली आणि पगाराच्या स्लिपांवरचे ३५२ पौंड बारा वेळा घेऊन ४,२२४ पौंड लिहिले. ही चूक जास्त लोक करतात असा माझा अनुभव आहे. दावा ढोबळ रकमेचा, म्हणजे आपले ८० आणि सरकारचे २० मिळून झालेल्या १००चा करायचा असतो. ४,२२४ला ०.८ने भागले की ५,२८० येतात आणि तोच योग्य आकडा. निव्वळ रक्कम लिहिली असती तर त्या एका वर्षात २११ पौंड सोडून दिले गेले असते. जे लोक सेल्फ असेसमेंटचे, म्हणजे स्वतःच्या कराचा हिशेब स्वतः देण्याचे, विवरणपत्र भरतात त्यांनाही तिथल्या पेन्शनच्या चौकटीत हीच ढोबळ रक्कम लिहायची असते.

कागद मिळवणे हे सगळ्यात कंटाळवाणे काम ठरले. २०२१ मध्ये तिने नोकरी बदलली होती. २०२०-२१ची पेन्शन जुन्या कंपनीच्या योजनेत होती आणि त्या योजनेचा पत्रव्यवहार तिच्या स्लाव येथील जुन्या भाड्याच्या घरी जात राहिला होता. ज्या वर्षाची मुदत सगळ्यात आधी संपणार, त्याचाच कागद हाती नव्हता. फोनवर ओळख पटवण्यासाठी त्यांनी जुना पत्ता, राष्ट्रीय विमा क्रमांक आणि जन्मतारीख विचारली, एवढ्यावर भागेना तेव्हा शेवटच्या अंशदानाची रक्कम विचारली. ती तिने जुन्या स्लिपेवरून सांगितली. त्या स्लिपा तिने जपून ठेवल्या होत्या हे नशीब म्हणायचे नाही, ती तिची सवय आहे. तिच्या आईने बँकेच्या पासबुकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले मी पाहिले आहेत. पत्रक यायला अकरा दिवस लागले.

दावा तिने लेखी केला. पत्रात राष्ट्रीय विमा क्रमांक, प्रत्येक करवर्षातले ढोबळ अंशदान वेगवेगळे, पेन्शन योजनेचे नाव, ती रिलीफ अ‍ॅट सोर्स पद्धतीची आहे हे स्पष्ट वाक्य, आणि सोबत पेन्शन कंपन्यांची पत्रके जोडली. पोहोच मिळेल अशा टपालाने पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेले. त्या वेळी एचएमआरसीला फोन करूनही असा दावा करता येत असे. १ सप्टेंबर २०२५ पासून ती वाट बंद झाली आहे आणि आता दावा ऑनलाइन किंवा टपालानेच, पुराव्यासह करावा लागतो. माझ्या मते हे वाईट झालेले नाही. फोनवर सांगितलेल्या आकड्याचा माग राहत नाही आणि पुढे वाद झाला तर आपल्या हाती काही नसते.

इथपर्यंत प्रकरण सरळ होते. ते खरे गुंतागुंतीचे आणि फायद्याचे झाले तिच्या लहान मुलीच्या भत्त्यामुळे, आणि मला वाटते अनेक तरुण कुटुंबांचे मोठे नुकसान नेमके इथेच होते.

ब्रिटनमध्ये प्रत्येक मुलामागे चाइल्ड बेनिफिट नावाचा भत्ता मिळतो. २०२४-२५ मध्ये पहिल्या मुलासाठी तो आठवड्याला २५.६० पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे १,३३१ पौंड होता. आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेले की हा भत्ता कराच्या रूपाने हळूहळू परत घेतला जातो. २०२३-२४ पर्यंत ही मर्यादा ५०,००० पौंड होती आणि ६०,०००ला सगळा भत्ता परत जात असे. एप्रिल २०२४ पासून ती ६०,००० ते ८०,००० पौंड झाली आणि मर्यादेवरच्या दर पूर्ण २०० पौंडांमागे भत्त्याचा एक टक्का परत जातो. मुलगी झाली तेव्हा तिने भत्त्यासाठी नोंदणी केली होती, पण पगार ५०,०००च्या वर असल्याने पैसे नकोत असा पर्याय निवडला होता. कराची भानगड मागे लागू नये, इतकाच तिचा विचार होता आणि तो प्रामाणिक होता.

पण ही मर्यादा पगारावर लावत नाहीत. ती लावतात 'समायोजित निव्वळ उत्पन्ना'वर, आणि ते काढताना वैयक्तिक पेन्शनमधले ढोबळ अंशदान वजा करतात. म्हणजे २०२२-२३ मध्ये तिचे उत्पन्न ५१,६०० धरायचे नव्हते, त्यातून २,५८० वजा जाऊन ४९,०२० पौंड धरायचे होते. ते मर्यादेच्या आत होते. तिने भत्ता घेतला असता तर एक पेनीही परत द्यावी लागली नसती.

भत्ता नको म्हणून सांगितलेले असले आणि नंतर असे लक्षात आले की त्या वर्षी परतफेडीचा कर मुळात लागलाच नसता, तर करवर्ष संपल्यापासून दोन वर्षांच्या आत तो नकार मागे घेऊन राहिलेले पैसे मागता येतात. २०२२-२३ साठी ही मुदतसुद्धा ५ एप्रिल २०२५ला संपत होती. तिने लगेच लिहिले. त्या वर्षीचा दर आठवड्याला २१.८० पौंड होता आणि मुलीच्या जन्मापासून वर्षअखेरीपर्यंतची रक्कम ९०० पौंडांहून थोडी अधिक भरली.

२०२३-२४ला मात्र हा मार्ग नव्हता. पेन्शन वजा करूनही उत्पन्न ५७,०४० पौंड येत होते, म्हणजे भत्त्याचे ७० टक्के परत गेले असते. थोडा का होईना कर लागत असेल तर नकार मागच्या तारखेने मागे घेता येत नाही. जे ३० टक्के तिचे असायला हवे होते, साधारण ३७४ पौंड, ते गेले.

आणि तेव्हाचे चालू वर्ष, २०२४-२५. पगार ६६,००० पौंड, बचत खात्यावरचे व्याज ६० पौंड, पेन्शन ५,२८० पौंड. ४० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ५०० पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर नसतो, म्हणून तिने ते हिशेबात धरलेच नव्हते. पण कर नसला तरी समायोजित उत्पन्नात ते मोजले जाते. आकडा आला ६०,७८० पौंड. मर्यादेच्या ७८० पौंड वर. तिने भत्ता घेतलेला असता तर परतफेड फक्त तीन टक्के, म्हणजे ३९ पौंड झाली असती. पण तिने नकार दिलेला होता, आणि वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे तीन टक्केसुद्धा कर लागत असेल तर मागचे सगळे महिने बुडतात. वर्ष संपायला अजून चार आठवडे होते.

म्हणून तिने मार्चमध्ये स्वतःची एक सिप उघडली. भारतातून आलेल्या वाचकांनी इथे थांबावे : ब्रिटनमधली 'सिप' म्हणजे म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता नव्हे, आपली गुंतवणूक आपण निवडायची अशी वैयक्तिक पेन्शन. त्यात तिने एकरकमी ६४० पौंड भरले. त्याचे ढोबळ ८०० पौंड झाले आणि समायोजित उत्पन्न ५९,९८० पौंडांवर आले. ६२४ भरले असते तरी चालले असते, पण व्याजाच्या आकड्यात चार-दोन पौंडांचा फरक पडू शकतो, म्हणून मी तिला थोडी मोकळीक ठेवायला सांगितले. या ६४० पौंडांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. पेन्शनमध्ये ८०० पौंड पडले, वरच्या दराची सवलत म्हणून १६० पौंड परत यायचे ठरले, आणि वर्षभराच्या भत्त्याचा, १,३३१ पौंडांचा, दरवाजा उघडला. नवीन मर्यादेच्या आसपास पगार असलेल्या आणि लहान मूल असलेल्या प्रत्येक कुटुंबाने मार्च महिन्यात हा हिशेब एकदा मांडावा, असे मला मनापासून वाटते.

तिचा नवरा सुरुवातीला नाखूश होता. त्याचे म्हणणे असे की आपण पुढेमागे पुण्याला परत गेलो तर हे पैसे इथेच अडकतील. त्याचा मुद्दा अगदी टाकाऊ नव्हता. पेन्शनमधले पैसे आज वयाच्या ५५व्या वर्षापर्यंत काढता येत नाहीत आणि ६ एप्रिल २०२८ पासून ते वय ५७ होणार आहे. घराचे कर्ज घ्यायच्या उंबरठ्यावर असलेल्या जोडप्याने सगळी शिल्लक पेन्शनमध्ये कोंबणे मलाही पटले नसते. मात्र ६४० पौंडांचा प्रश्न वेगळा होता, आणि मागील चार वर्षांच्या सवलतीचा तर पूर्णच वेगळा, कारण वरच्या दराची ही २० टक्के रक्कम पेन्शनमध्ये जातच नाही. ती आपल्या हातात येते. हे त्याला ठाऊक नव्हते, आणि पुष्कळांना नसते. पेन्शनचे खाते उघडून तिथे ही रक्कम शोधणारे लोक मी पाहिले आहेत. ती येते मागील वर्षांसाठी परताव्याच्या रूपाने आणि चालू वर्षासाठी टॅक्स कोडमधून, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या एचएमआरसीच्या संकेतांकातून.

टॅक्स कोड बदलल्याचे पत्र आधी आले. तिचा कोड १२५७एल होता, म्हणजे १२,५७० पौंडांचे करमुक्त उत्पन्न. नव्या पत्रात १५२१एल लिहिलेले होते. तिला वाटले की टंकलेखनात काहीतरी घोळ आहे. पण आकडा बरोबर होता : ५,२८० पौंडांच्या अंशदानावर १,०५६ पौंडांची सवलत द्यायची, तर ४० टक्क्यांनी कर भरणाऱ्या माणसाचे करमुक्त उत्पन्न २,६४० पौंडांनी वाढवावे लागते, आणि १२,५७० अधिक २,६४० म्हणजे १५,२१०. हा कोड वर्षाच्या सुरुवातीपासून लागू धरला जात असल्याने मार्चच्या पगारात त्या महिन्याचा कर एकदम हजार पौंडांहून अधिक कमी कापला गेला. मार्चची ती स्लिप तिने मला फोटो काढून पाठवली. पेन्शनची ओळ तीच होती, ३५२ पौंड, फक्त तिच्या वरच्या ओळीतला कर पहिल्यांदाच तिच्याशी जुळणारा होता.

मागील चार वर्षांचे हिशेब पी-८०० या नावाच्या पत्रकांतून मे महिन्यात आले, प्रत्येक वर्षाचे वेगळे. २०२२-२३चे पत्रक तिने सर्वांत आधी उघडले, कारण ५१६ की २६६ हा आमचा वाद तिच्या मनात अजून मिटलेला नव्हता. २६६ होते. सिपमधल्या रकमेवरचे १६० पौंड नंतर वेगळे मागावे लागले, कारण मार्चचे पत्र गेले तेव्हा ती रक्कम भरलेली नव्हती.

हे लिहिताना दोन गोष्टी थोडक्यात नोंदवून ठेवतो, कारण त्या तिच्या प्रकरणात नव्हत्या, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या असतील. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांचे दर निराळे आहेत. तिथे २१ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसालाही एक टक्का मागता येतो आणि ४२ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला २२ टक्के. आणि ज्याचे उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर आहे, त्याचे १२,५७० पौंडांचे करमुक्त उत्पन्न दर दोन पौंडांमागे एक पौंड असे कमी होत जाते आणि १,२५,१४० पौंडांना संपते. त्या पट्ट्यातले अंशदान तेही परत मिळवून देते, म्हणून तिथे न केलेल्या दाव्याची किंमत आणखी जास्त असते. सवलतीसह पेन्शनमध्ये भरण्याची वर्षाची साधारण मर्यादा २०२३-२४ पासून ६०,००० पौंड आहे, कंपनीचे अंशदान धरून. शिवाय स्वतःच्या अंशदानावरची सवलत साधारणपणे त्या वर्षीच्या कमाईपुरतीच मिळते.

मला या पद्धतीविषयी एक तक्रार आहे आणि ती मी स्पष्टच लिहितो. वेतन विभागात काम करताना मी हजारो स्लिपा काढल्या. त्यांवर पेन्शनच्या ओळीखाली 'यावर तुम्हाला आणखी सवलत मागता येईल' एवढे एक वाक्य छापायला काही खर्च येत नाही. आम्ही ते छापत नव्हतो, कारण तसा नियम नव्हता. कर्मचाऱ्याला सामील होताना दिलेल्या चाळीस पानी पुस्तिकेत ते वाक्य असते, हे खरे आहे. ती पुस्तिका तिच्याकडेही होती. पान क्रमांक सव्वीसवर दोन ओळी होत्या, आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, ओळखपत्र आणि लॅपटॉप यांच्या गडबडीत, त्या दोन ओळी कोणी वाचाव्यात अशी अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही. हक्क कळवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे आकडे आहेत त्याची असायला हवी.

टॅक्स कोडचा एक धोका तिला मी मुद्दाम सांगून ठेवला आहे. १५२१एल हा कोड पुढच्या वर्षीही तितकेच अंशदान होईल असे धरून चालतो. अंशदान कमी केले, नोकरी बदलून नेट पे योजनेत गेली, किंवा बिनपगारी रजा घेतली, आणि हे कळवले नाही, तर कर कमी कापला जाईल आणि वर्षअखेरीस तेवढे देणे निघेल. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने अंशदान ८ वरून १० टक्के केले. नवी स्लिप आली त्या संध्याकाळी, मुलीला झोपवल्यानंतर, तिने एचएमआरसीच्या खात्यात जाऊन नवा वार्षिक ढोबळ आकडा भरला, पेन्शन कंपनीचे पत्रक जोडले आणि त्याची प्रत काढून वहीत, रेघ मारलेल्या ५३० पौंडांच्या पुढच्या पानावर, चिकटवली.